आम्लाला दाद न देणारं पोलाद

मेटॅलर्जीच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या पोराची पहिल्याच आठवड्यात नायटलच्या बाटलीशी ओळख होते. अल्कोहोलमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक आम्ल, एवढंच ते मिश्रण. पॉलिश करून आरशासारखा केलेला साध्या पोलादाचा तुकडा चिमट्यात धरायचा, नायटलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्यावरून फिरवायचा आणि मनात पाच-सहा अंक मोजायचे. आरशावर फुंकर मारावी तशी चकाकी मावळते. नळाखाली धुऊन, अल्कोहोल मारून, गरम हवेने वाळवून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की फेराइटचे पांढरे कण आणि पर्लाइटचे काळसर डाग समोर हजर.

मग एक दिवस त्याच्या हातात 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा तुकडा येतो. बाटली तीच, बोळाही तसाच. पाच सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं. चकाकी जशीच्या तशी. पोरगं आधी बाटलीवर संशय घेतं, नवं नायटल करतं, पुन्हा बोळा फिरवतं. शेजारच्या टेबलावरचा जुना माणूस हे सगळं मुकाट बघत असतो. त्याच्यावरही कधीतरी हीच वेळ आलेली असते.

खुद्द स्टेनलेस स्टीलची ओळख जगाला झाली तीही अशाच एका फसलेल्या एचिंगमधून, म्हणजे पृष्ठभाग आम्लाला खाऊ देण्याच्या खटाटोपातून. इंग्लंडमधल्या शेफील्डचा हॅरी ब्रेअर्ली हा पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा. लहानपणीच कारखान्यात लागला, प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता रसायनशास्त्र शिकला आणि पुढे ब्राऊन-फर्थ संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. बंदुकांच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर काही उपाय सापडतो का, हे काम त्याच्याकडे आलं होतं. क्रोमियम वाढवून पाहावं असं त्याला वाटलं. 13 ऑगस्ट 1913 रोजी विजेच्या भट्टीतून त्याने जे पोलाद ओतलं त्यात 12.8 टक्के क्रोमियम आणि 0.24 टक्के कार्बन होता. सूक्ष्मरचना बघायची तर आधी एचिंग हवं. नेहमीचं आम्ल लावलं, तर ते चढेचना. व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला, त्यांचाही परिणाम नाही. दुसऱ्या कोणी नमुना कचऱ्यात टाकला असता. ब्रेअर्लीला मात्र शेफील्डचे सुऱ्या-काट्यांचे कारखाने आठवले. लोणचं कापलं की काळी पडणारी सुरी तेव्हा घरोघर होती. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्या बनवणाऱ्याने नवं पोलाद व्हिनेगरमध्ये घालून पाहिलं आणि त्याला ‘स्टेनलेस’ हे नाव चिकटलं. बंदुकीच्या नळीचं राहिलं बाजूला.

पहिला मान कोणाचा, हा वाद मात्र मिटलेला नाही. जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात बेन्नो स्ट्राऊस आणि एदुआर्ड माउरर यांनी 1912 मध्येच क्रोमियमसोबत निकेल घातलेल्या पोलादाची पेटंटं मागितली होती. आजच्या 18-8 जातीच्या पोलादाचे ते पूर्वज. त्यातल्या एकाचं कारखान्यातलं नाव ‘व्ही-टू-ए’. हेच नाव आजही जर्मन प्रयोगशाळांत एका एचंटच्या, म्हणजे एचिंगच्या मिश्रणाच्या, बाटलीवर असतं: समान मापात पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात थोडं नायट्रिक आणि आम्लाची धार आवरणाऱ्या द्रव्याचे एक-दोन थेंब, वापरायचं गरम करून. ज्या पोलादाने आम्लाला दाद दिली नाही, त्याला वठणीवर आणणाऱ्या आम्लालाच त्या पोलादाचं नाव मिळालं.

मराठी स्वयंपाकघराला या प्रश्नाची अर्धी बाजू फार आधीपासून ठाऊक होती. ताक, चिंचेची आमटी, सोलकढी पितळेच्या भांड्यात राहिली की कळकते. ‘कळकणे’ हे क्रियापद ज्या भाषेत आहे तिला आम्ल आणि धातू यांची देवाणघेवाण वेगळी समजावून सांगायला नको. म्हणून तर नवसागराचा धूर करत कल्हईवाला दारात बसायचा. पुढे जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलचे डबे घेणारी पिढी आली आणि कल्हईची हाक विरळ झाली. स्टीलच्या पातेल्यात रात्रभर ताक राहिलं तरी ते कळकत नाही. गृहिणीला यात सुख आहे. त्याच पातेल्याची सूक्ष्मरचना बघायला बसलेल्या माणसाला मात्र हीच अडचण आहे. प्रस्तुत पुस्तिका या दुसऱ्या माणसासाठी आहे.

धातूवर आम्ल टाकून आतली नक्षी बघण्याचा इतिहास ब्रेअर्लीपेक्षा पुष्कळ जुना, आणि त्यातला एक धागा मुंबईतून जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीकडे इथल्या पोलादाच्या वड्या पाठवल्या. जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि मथळ्यातच या ‘वुट्झ’ला मुंबईत बनलेलं पोलाद म्हटलं. प्रत्यक्षात वुट्झची प्रसिद्ध केंद्रं दक्षिणेत होती. मुंबई हे माल जहाजावर चढायचं ठिकाण. या वड्यांवरून घडवलेल्या पात्यांवर आम्ल लावलं की पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, याचं युरोपला भारी कुतूहल. जेम्स स्टोडार्ट हा चाकू-सुऱ्यांचा कारागीर आणि तरुण मायकेल फॅरेडे यांनी 1819 ते 1822 या काळात वुट्झचं पृथक्करण केलं, मग पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. त्यात क्रोमियमही होतं. क्रोमियम घातलेल्या पोलादावर सुरेख नक्षी दिसते, हे त्याच काळात नोंदलं गेलं. फ्रान्समध्ये पिएर बेर्तिए यांनी 1821 मध्ये लोखंड आणि क्रोमियमचं मिश्रण आम्लाला चांगलं टिकतं असंही लिहून ठेवलं. स्टेनलेस स्टीलच्या दारापर्यंत माणसं पोहोचली होती. कार्बन कमी ठेवायची युक्ती हाती नसल्याने दार उघडायला पुढची नव्वद वर्षं गेली.

नक्षी नुसती बघण्यापलीकडे जाऊन तिचा अर्थ लावणारा पहिला माणूस शेफील्डचाच, हेन्री क्लिफ्टन सॉर्बी. घरचं बरं असल्याने नोकरीची गरज नव्हती. आधी त्याने दगडांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले; 1863-64 च्या सुमारास तेच त्याने लोखंडावर केलं. लोखंडातून उजेड आरपार जात नाही, म्हणून पृष्ठभाग घासून आरसा केला, विरल नायट्रिकने हलकेच खाऊ दिला आणि वरून उजेड टाकून परावर्तनात पाहिला. आज जगभरच्या मेटॅलोग्राफीत चालतं ते याहून वेगळं काही नाही. त्या काळी मात्र वीसेक वर्षं या कामाकडे फारसं कोणी फिरकलं नाही. पूल आणि रेल्वे बांधणाऱ्यांना सूक्ष्मदर्शक हे पाखरं-किड्यांच्या अभ्यासकांचं खेळणं वाटत होतं.

एचिंग म्हणजे मुद्दाम, मोजून-मापून केलेलं गंजणं. धातू एकसंध दिसतो, पण तो असंख्य कणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा एका दिशेने शिस्तीत लागलेल्या. शेजारच्या कणात दिशा वेगळी. दोन कण जिथे भेटतात त्या सीमेवर अणूंची बेशिस्त. आम्ल आधी अशाच जागी शिरतं. सीमा किंचित खोल झाली की तिथला उजेड बाजूला फेकला जातो आणि भिंगातून काळी रेघ दिसते. चित्र शाईचं नसतं, चरांच्या सावलीचं असतं.

स्टेनलेस स्टीलमध्ये हे सरळ घडत नाही, याचं कारण त्याच्या अंगावरचं क्रोमियम ऑक्साइडचं कवच. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन एक ते तीन नॅनोमीटर जाडीचं आवरण आपोआप तयार होतं. माणसाच्या केसाची जाडी याच्या वीस-तीस हजार पट तरी भरेल. ओरखडा काढा, ते पुन्हा धरतं. नायट्रिक आम्ल तर ऑक्सिडीकारक. ते हे कवच फोडण्याऐवजी आणखी पक्कं करतं. कारखान्यात स्टेनलेसची भांडी नायट्रिकमध्ये बुडवून ‘पॅसिव्हेट’ करतात ते याचसाठी. म्हणजे बिचारं पोरगं दोन मिनिटं बोळा फिरवत होतं तेव्हा तुकड्याची रचना उघड करण्याऐवजी त्याच्या कवचाची डागडुजी करत होतं!

कवच फोडायचं तर क्लोराइड लागतं, आणि ते येतं हायड्रोक्लोरिक आम्लातून. म्हणून स्टेनलेसच्या बहुतेक एचंटमध्ये हे आम्ल असतंच. फरक त्याच्या सोबत्यांचा. विलेलाच्या मिश्रणात 100 मिलिलिटर अल्कोहोलला 5 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आणि 1 ग्रॅम पिक्रिक आम्ल. सुऱ्या, कात्र्या, पंपाचे शाफ्ट यांना लागणाऱ्या मार्टेन्सिटिक जातींवर याचं काम अतिशय नाजूक आणि स्वच्छ. कॅलिंग नंबर दोनमध्ये 5 ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, प्रत्येकी 100 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आणि अल्कोहोल. डुप्लेक्स जातीत ते फेराइट काळा करतं आणि ऑस्टेनाइट पांढरा ठेवतं. मार्बलचं मिश्रण कॉपर सल्फेटचं, रांगडं, पटकन चावणारं. ग्लिसरेजियात अम्लराजाला ग्लिसरीनची वेसण असते.

या ग्लिसरेजियाचा स्वभाव सांभाळावा लागतो. तीन भाग ग्लिसरीन, दोन ते पाच भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, मिसळायचं याच क्रमाने. मिसळल्यावर आधी ते पाण्यासारखं असतं, मग पिवळं पडतं आणि नारिंगी झालं की फेकून द्यायचं. उरलं म्हणून बाटलीत भरून बूच लावणाऱ्याची खैर नाही. आत वायू साठतो आणि बाटली फुटते. कितीही काटकसरी माणूस असला तरी इथे काटकसर नको.

आता मुख्य मुद्दा. नवख्याला वाटतं की पोलादाच्या पोटात एक ठरलेलं चित्र आहे आणि एचंट म्हणजे त्यावरचा पडदा ओढणारी दोरी. तसं नसतं. प्रत्येक एचंट तुकड्याला वेगळा प्रश्न विचारतो आणि उत्तर त्या प्रश्नापुरतंच मिळतं. 304 च्या एकाच तुकड्याचं उदाहरण घ्या. ग्लिसरेजियाने एच केला तर कणांच्या सीमा दिसतात, शिवाय कणांच्या पोटातून आरपार गेलेल्या सरळ समांतर रेघाही दिसतात. या जुळ्या, म्हणजे ट्विन्स. ऑस्टेनाइटची ही जन्मखूण. पण कणांचा आकार मोजायला बसलं की त्याच त्रास देतात, कारण कुठली रेघ सीमेची आणि कुठली जुळ्याची हे मोजणारा विसरतो आणि कण आहेत त्यापेक्षा बारीक भरतात. मग तोच तुकडा पुन्हा पॉलिश करून नायट्रिक आम्लाच्या 60 टक्के द्रावणात धरायचा आणि जेमतेम 1 व्होल्टवर प्रवाह सोडायचा. आता सीमा तेवढ्या दिसतात, जुळे गायब. ज्या नायट्रिकने नुसतं कवच पक्कं केलं, तेच विजेच्या संगतीने कणसीमा कोरून देतं. पोलाद तेच, आम्लही तेच, विचारण्याची रीत वेगळी.

या रीतीचा सगळ्यात रोजच्या उपयोगातला नमुना म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाची चाचणी. भोसरी असो, सातपूर असो की वाळूज, एमआयडीसीतल्या टेस्टिंग लॅबमध्ये स्टेनलेसचे जे तुकडे येतात त्यांतल्या कित्येकांच्या कागदावर ‘ए-262, प्रॅक्टिस ए’, म्हणजे हीच चाचणी, एवढंच लिहिलेलं असतं. यामागची गोष्ट अशी. 304 पोलाद साधारण 425 ते 815 अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळलं, उदाहरणार्थ वेल्डिंग करताना सांध्यालगतच्या पट्ट्यात, की त्यातला कार्बन कणसीमांकडे जातो आणि तिथे क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो. कार्बनचा एक अणू क्रोमियमचे जवळजवळ चार अणू गिळतो. सीमेलगतचा पट्टा क्रोमियमला मुकतो आणि तिथलं कवच दुबळं होतं. वरून भांडं चकचकीत, आतून सीमांच्या वाटेने पोखरलेलं. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. दूध, रसायनं, औषधं यांच्या कारखान्यात पाइप वेल्डच्या शेजारीच का गळतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

पूर्वी हे तपासायला ह्यूची चाचणी होती: उकळत्या 65 टक्के नायट्रिक आम्लात नमुना 48 तासांच्या पाच पाळ्या ठेवायचा, एकूण 240 तास, आणि दर पाळीला वजन किती घटलं ते बघायचं. दहा दिवस माल गोदामात अडकून. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या मायकेल स्ट्रायकर यांनी 1953 मध्ये चाळणीसारखी वापरता येईल अशी झटपट पद्धत मांडली. दहा दिवसांच्या जागी दीड मिनिट.

ते दीड मिनिट जवळून बघण्यासारखं असतं. 100 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाचे खडे 900 मिलिलिटर पाण्यात विरघळवलेले. स्टीलचंच भांडं ऋण टोकाला जोडलेलं, तुकडा धन टोकाला. दर चौरस सेंटिमीटरला 1 अँपिअर प्रवाह बसेल असं रेग्युलेटरचं बटण फिरवायचं. त्यासाठी आधी तुकड्याचं क्षेत्रफळ मोजून ठेवलेलं असतं, आणि घाईत इथेच चूक होते. प्रवाह सुरू होताच बुडबुड्यांची गर्दी उसळते, नाकाला आंबूस झणका लागतो, द्रावण कोमट होत जातं. 90 सेकंदांनी बटण बंद. तुकडा धुऊन, वाळवून भिंगाखाली, 200 ते 500 पट मोठा करून.

दिसणारं चित्र तीनांपैकी एक. कणांमध्ये नुसत्या पायऱ्या, एक कण वर तर शेजारचा किंचित खाली, सीमेवर चर नाही: ही ‘स्टेप’ रचना, माल पास. काही सीमांवर तुटक चर आहेत, पण एकही कण चहूबाजूंनी वेढलेला नाही: ‘ड्युअल’. आणि निदान एक कण तरी खंदकाने पुरता वेढलेला: ‘डिच’. शेताच्या बांधालगत चर खणून वावर वेगळं काढावं तसा तो कण दिसतो. हे चर म्हणजे कार्बाइड विरघळून गेल्याच्या जागा.

आणि इथेच बऱ्याच अहवालांत गफलत होते. ‘डिच’ दिसला म्हणजे माल नापास, असं ही चाचणी म्हणत नाही. तिला पास करण्याचा अधिकार आहे, नापास करण्याचा नाही. डिच दिसला तर पुढची गरम आम्लाची चाचणी करायची: कॉपर सल्फेट आणि सल्फ्युरिकच्या द्रावणात, तांब्याच्या तुकड्यांसोबत 15 तास उकळायचं आणि नंतर पट्टी वाकवून भेगा पडतात का ते बघायचं. निर्णय तिथे होतो. घाईचा ग्राहक आणि दबलेला तंत्रज्ञ यांच्यामध्ये हा बारकावा वरचेवर हरवतो. काही वेळा चांगला माल परत जातो, काही वेळा भलत्याच कारणाने वाईट माल सुटतो. 304 एल किंवा 316 एलसारख्या कमी कार्बनच्या जाती, ज्यांत कार्बन 0.03 टक्क्यांपेक्षा जास्त नसतो, त्यांना तर आधी 675 अंशांवर तासभर तापवून मुद्दाम छळावं लागतं आणि मग एचिंग. वेल्डिंग पुढे होणारच आहे, त्याची ही रंगीत तालीम.

रंगीत म्हणण्यावरून रंगांकडे वळू. डुप्लेक्स स्टेनलेसमध्ये फेराइट आणि ऑस्टेनाइट साधारण निम्मे-निम्मे असतात. कास्टिक सोड्याच्या 20 टक्के द्रावणात 3 व्होल्टवर दहा-वीस सेकंद ठेवलं की फेराइट निळसर किंवा तपकिरी होतो आणि ऑस्टेनाइट पांढरा राहतो. आडव्या छेदात पांढऱ्या बेटांचा समुद्र दिसतो. पण हे सौंदर्य बघायला कोणी पैसे देत नाही. शोध असतो सिग्मा नावाच्या टणक आणि ठिसूळ अवस्थेचा. 600 ते 900 अंशांत पोलाद फार वेळ राहिलं की लोखंड आणि क्रोमियम मिळून ती बनते आणि घाव बसला की पोलाद काचेसारखं तडकतं. फेराइटच्या काठाकाठाने तिचे ठिपके धरलेले असतात आणि कास्टिकमध्ये ते नारिंगी-तपकिरी उठून दिसतात.

ताकेजिरो मुराकामी या जपानी धातुविदाच्या नावाचं मिश्रणही याच कामाचं: 100 मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि कास्टिक पोटॅश, दोन्ही दहा-दहा ग्रॅम. थंड असताना ते फक्त कार्बाइडला हात लावतं. 80 अंशांच्या पुढे नेलं की फेराइट आणि सिग्माही रंगतात. कुठल्या अवस्थेचा कुठला रंग, याची कोष्टकं पुस्तकागणिक थोडी वेगळी सापडतील. त्याला कोणाचा अडाणीपणा कारण नाही. तापमान, वेळ, मिश्रण किती ताजं, या सगळ्यांवर रंग अवलंबून असतो. म्हणून ज्याच्यात सिग्मा आहे हे पक्कं ठाऊक आहे असा एक तुकडा शेजारी ठेवून दोन्ही एकदम एच करणं हा शहाणा मार्ग.

खरे रंगकर्मी म्हणजे टिंट एचंट. त्यांत बेराहा यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं; श्पिग्लर यांच्यासह त्यांनी 1977 मध्ये रंगीत मेटॅलोग्राफीवर पुस्तकच लिहिलं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि हायड्रोक्लोरिक, गरजेप्रमाणे अमोनियम बायफ्लोराइड. हे मिश्रण पृष्ठभाग कोरण्यापेक्षा त्यावर एक पातळ थर बसवतं आणि प्रत्येक कणावर त्या थराची जाडी वेगळी पडते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात डिझेल सांडलं की जांभळं-हिरवं-सोनेरी चमकतं, त्यातलाच हा प्रकाशाचा खेळ. लिख्टेनेगर आणि ब्लोख यांच्या मिश्रणाची गंमत अशी की ते ऑस्टेनाइट रंगवतं आणि फेराइट कोरा ठेवतं, म्हणजे कास्टिकच्या नेमकं उलट. वेल्डमध्ये गरम असताना भेगा पडू नयेत म्हणून थोडा फेराइट मुद्दाम ठेवतात. त्याची जाळी या रंगीत पार्श्वभूमीवर स्वच्छ दिसते. टिंट एचिंगला बोळा चालत नाही. बुडवायचं, हलकेच हलवायचं आणि उघड्या डोळ्यांनी पृष्ठभागाचा रंग बदलताना पाहून योग्य क्षणी बाहेर काढायचं. हा क्षण शिकवता येत नाही, पाचपन्नास तुकडे बिघडवून कळतो.

बिघडण्यावरून एक ताकीद. एचिंगमध्ये जे दिसतं ते सगळं पोलादाचं नसतं, काही बघणाऱ्याने स्वतःच घडवलेलं असतं. 304 मऊ आणि चिवट. जोरात घासलं की त्याचा वरचा थर ताणला जातो आणि ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट होतो. बाहेरून आलेल्या मालात मार्टेन्साइट सापडलं असा अहवाल जातो आणि ते झालेलं असतं लॅबच्याच 120 नंबरच्या एमरी पेपरवर. पॉलिशनंतर दिसेनासे झालेले ओरखडे एचिंगनंतर भुतासारखे परत येतात, कारण वरची रेघ पुसली तरी खालचा दबलेला धातू तसाच असतो. आम्ल जास्त वेळ राहिलं तर खड्डे पडतात आणि त्यांना कोणी धातूतली घाण समजतं. बेकेलाइटचा माउंट आणि तुकडा यांच्यात केसाएवढी फट राहिली तर तिथे अडकलेलं आम्ल वाळवताना हळूच पाझरतं आणि ऐन काठावर, जिथे ग्राहकाला बघायचं असतं तिथेच, तपकिरी ओघळ उठतो. यावर औषध एकच, आणि ते कंटाळवाणं आहे: पुन्हा पेपरपासून सुरुवात.

धोक्यांबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, तरी तीन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत वाळलेले पिवळे कण दिसले तर ते झाकण फिरवायचं नाही. मुराकामीच्या मिश्रणात सायनाइडचं कूळ आहे, ते आम्लाच्या बेसिनमध्ये ओतायचं नाही. आणि पर्क्लोरिक आम्लाने इलेक्ट्रोपॉलिश करणाऱ्यांनी 20 फेब्रुवारी 1947 ची लॉस एंजेलिसची घटना विसरू नये: ओ’कॉनर प्लेटिंगच्या कारखान्यात पर्क्लोरिक आणि ॲसिटिक अनहायड्राइडच्या टाकीचा स्फोट झाला, 17 माणसं गेली आणि आसपासच्या इमारतींची वाताहत झाली.

आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर कणांची दिशाच मोजून रंगीत नकाशा काढता येतो, त्याला एचिंगही लागत नाही. मग आम्लाच्या बाटल्या कशाला, असं कोणी विचारील. ते यंत्र कोट्यवधींच्या घरात आणि नमुना त्याच्या पोटात मावेल एवढाच हवा. वीजकेंद्रातल्या बॉयलरची नळी तिथे नेता येत नाही. तिथे माणूसच मचाणावर चढतो, हातातल्या ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करतो, बोळ्याने एच करतो, ॲसिटोनने ओली केलेली पातळ सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म त्यावर दाबून बसवतो आणि वाळली की सोलून काढतो. चरांचा ठसा फिल्मवर येतो. नळी जागेवर, तिचं चित्र काचपट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत.

हे सगळं वाचून उतावळा वाचक थेट आम्लांच्या प्रकरणावर उडी मारणार, हे गृहीत आहे. त्याला अडवता येणार नाही, पण पुस्तिकेची रचना जाणूनबुजून वेगळी ठेवली आहे. पहिलं प्रकरण करवतीचं आहे: पाण्याची धार चालू ठेवून तुकडा न तापवता कसा कापायचा. दुसरं माउंटिंगचं. तिसरं 120 पासून 1200 नंबरपर्यंतच्या पेपरांचं. दर पेपराला तुकडा काटकोनात वळवायचा आणि मागच्या पेपराचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. चौथं मखमलीवरच्या हिरा-पेस्टचं, सहा मायक्रॉन, तीन, एक. नायटलची बाटली पाचव्या प्रकरणात येते, आणि तिथेही साध्या पोलादापुरतीच.